७४ चाकांवर निघाला कुकर!

दोस्तांनो, मुंबईजवळच्या अंबरनाथहून केरळातल्या तिरुवनंतपुरमला जायला ट्रकला किती दिवस लागतील? अंतर साधारण १,७०० किलोमीटर. सांगा बघू!

पाच? सहा? शाब्बास! नेहमीचा ट्रक आठवड्याभरात पोचतो.

पण एका ट्रकला लागलं अख्खं वर्ष! ८ जुलै २०१९ ला तो अंबरनाथहून निघाला आणि १९ जुलै २०२० ला तिरुवनंतपुरमला पोचला. करा भागाकार! दिवसाला सरासरी साडेचार किलोमीटर. या चालीनं अंबरनाथहून बदलापूर गाठायलाच दोन दिवस लागतील. आपली लोकल तिथं दहा-बारा मिनिटांत जाते!

असं काय होतं त्या ट्रकवर?

कुकर! हो, तुमच्या आईच्या ओट्यावर असतो ना, त्याचाच राक्षसी भाऊ. त्याला म्हणतात ऑटोक्लेव्ह. वजन ७० टन! उंची साडेसात मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी. रुंदी ६.६५ मीटर. आपला दुपदरी रस्ता किती रुंद असतो माहितेय? ७ मीटर! म्हणजे हा निघाला की समोरून सायकलसुद्धा यायची पंचाईत.

यात भात शिजत नाही बरं का. यात शिजतात रॉकेटचे भाग!

कसे? ऐका. केसाहून बारीक कार्बनच्या तंतूंचं कापड विणतात. त्याला चिकट रसायन लावून थरावर थर रचतात. मग सगळं एका पिशवीत घालून आतली हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. झाकण घट्ट बंद! आत उष्णता आणि जबरदस्त दाब. कुकरमध्ये डाळ दाबाखाली पटकन शिजते, तसे इथे थर दाबाखाली एकमेकांना घट्ट चिकटतात. मध्ये हवेचा बुडबुडा राहून चालत नाही. जिथे बुडबुडा, तिथे तो भाग कच्चा! नीट शिजला, तर तो पोलादापेक्षा कितीतरी हलका आणि तरी दणकट. रॉकेटला हेच तर हवं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा होता तर तुकडे करून न्यायचा की!

घरचा कुकर मधोमध कापून पुन्हा जोडला, तर तुम्ही तो गॅसवर ठेवाल? मुळीच नाही! दाब सोसणारं भांडं अखंडच बरं.

म्हणून तो अखंडच निघाला. ७४ चाकांच्या गाडीवर! इतकी चाकं कशाला? ओझं वाटून घ्यायला. कुकरचे ७० टन ७४ चाकांवर वाटले, की एकेका चाकाच्या वाट्याला टनाहूनही कमी येतं. तेवढंच ओझं चार चाकांवर टाकलं असतं, तर रस्ता खचलाच असता.

सोबत होती ३२ माणसं. पुढे पोलिसांची गाडी. वाटेत विजेची तार आडवी आली, की थांबा! आधी वीज बंद करायची, मग तार बाजूला घ्यायची, कुकर हळूहळू पुढे सरकवायचा आणि तार परत जोडायची. थोडं पुढे गेलं की झाडाची फांदी. मग अरुंद रस्ता. मग पूल, आणि तो एवढं वजन पेलेल का ही काळजी! मला तर या ३२ जणांचंच सगळ्यात कौतुक वाटतं. त्यात २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही वरात आंध्र प्रदेशात अडकून पडली. तरी त्यांनी कुकर सुखरूप पोचवला, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात, म्हणजे जिथे रॉकेटं घडवतात तिथे!

अशी अवजड वरात परदेशातही निघते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यासाठी चीनहून १२ टाक्या आल्या. एकेक टाकी ६० फूट लांब! समुद्र ओलांडला जहाजानं. पण पुढे रस्त्यानं कशा न्यायच्या? मग काय, त्यांना सपाट बोटींवर आडवं निजवलं आणि एरी कालव्यातून नेलं. पाण्यावर विजेच्या तारांची कटकट कमी!

आणि आता परत तिरुवनंतपुरमला चला, सगळ्यात भारी गंमत ऐकायला. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा गावातून २१ नोव्हेंबर १९६३ ला भारतातून पहिलं रॉकेट उडालं. त्या काळी तिथे रॉकेटचे भाग कशावरून न्यायचे, ओळखा पाहू? सायकलवरून! तेव्हा दोन चाकं पुरायची, आता ७४ लागली.

आता एक काम तुमचं. रस्त्यावरच्या पुलाखालून जाताना उंचीची पाटी दिसते का बघा. आपला साडेसात मीटरचा कुकर तिथून गेला असता का? गाडीची उंची त्यात मिळवायला विसरू नका!