मुलांना पहिल्यांदा गरवायला नेताना

आजचा एपिसोड नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत भाच्यांना, पुतण्यांना, नाहीतर स्वतःच्या पिल्लांना घेऊन कोकणात जातात आणि तिथे कुणीतरी म्हणतंच, "चला, मुलांना मासे पकडायला नेऊया." ऐकायला सोपं वाटतं. मी या दिवाळीत ते करून बघितलं. काय जमलं, काय फसलं आणि एका ठिकाणी माझ्यामुळे काय झालं, ते सगळं सांगते.

आधी एक शब्द. मालवणकडे गळ टाकून मासे पकडायला 'गरवणं' म्हणतात. 'गरवायला जातंय' म्हणजे गरी घेऊन बसायला जातोय. जाळं नाही, होडी नाही. एक दोरा, एक गरी, थोडं शिसं आणि आमिष. लहान मुलांसाठी हाच प्रकार योग्य आहे. होडीतून खोल समुद्रात नेण्याचे पॅकेज मिळतात, पण पाच वर्षांचं पोर पहिल्याच दिवशी होडीत बसवलं तर बहुतेक वेळा मासा लागायच्या आधी उलटी होते, आणि मग ते पोर पुढची दहा वर्षं समुद्राचं नाव काढत नाही.

हे मी अनुभवाने बोलतेय. मी सात वर्षांची होते तेव्हा मे महिन्यात मामा मला गरवायला घेऊन गेला होता. सकाळी दहा ते दुपारी दोन, भर उन्हात, खडकावर. पाय भाजत होते. काही बोललं की, "गप बस, मासे पळतील." एकही मासा लागला नाही. परत येताना कालवांवरून घसरले आणि गुडघा फाटला. त्यानंतर मी वीस वर्षं गरीला हात लावला नाही. आजोळ देवबागला असून!

म्हणून या वेळी बहिणीची दोन्ही पोरं माझ्या ताब्यात आली, मोठी सात वर्षांची आणि धाकटा पाच, तेव्हा ठरवलं की मामाने केलं त्याच्या बरोब्बर उलट करायचं.

पहिली गोष्ट, वेळ. आपण सगळे फोनवर भरती-ओहोटीची वेळ बघतो, पण कोकणात अजूनही एक जुना हिशेब चालतो आणि तो भारी आहे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमी असेल तर सहा वाजता. मग सव्वासहा तासांनी ओहोटी. अगदी मिनिटाला मिनिट नाही जुळत, जागेप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं, पण अंदाज पक्का येतो. कॅलेंडरवर तिथी असतेच, नेटवर्क गेलं तरी काम होतं.

आता अष्टमीचं आणखी एक महत्त्व. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढही जोरात असते. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. मालवणकडे फरक तेवढा नसतो, पण खाडीच्या तोंडाशी ओढ चांगलीच जाणवते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची हालचाल मंद. मुलांना न्यायचं तर भांगाचे दिवस बघा. आम्ही दिवाळीनंतरची अष्टमी धरली. सहाला पूर्ण भरती, म्हणजे चार ते पावणेसहा पाणी हळूहळू चढणार, ऊन उतरलेलं असणार, आणि चढत्या पाण्याबरोबर मासे काठाकडे चरायला येणार. तिन्ही गोष्टी एकदम!

दुसरी गोष्ट, जागा. देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. फोटो संगमावर छान येतात, पण मुलांना घेऊन तिथे पाण्याजवळ जाऊ नका. तिथली वाळू सरकते आणि पाण्याखाली एकदम खोल होतं. आम्ही खाडीच्या बाजूला, दगडी पायऱ्या असलेली एक जागा धरली. पाणी खारंच असतं, पण लाटा नसतात. खडक शक्यतो नकोच, कारण शेवाळ आणि कालवं. कालवांची धार ब्लेडसारखी असते, माझ्या गुडघ्याला विचारा.

लाइफ जॅकेट घातलं. पायऱ्यांवर बसायला? हो, पायऱ्यांवर बसायलासुद्धा. शेजारचे एक काका, आयुष्यभर रापणीला गेलेले, हे बघून हसले. पण त्यांनीच मुलांना पहिला नियम सांगितला. मोठीला म्हणाले, "चेडवा, दर्याक पाठ दाखवू नको गो." पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही. आणि माझा नियम म्हणजे एका मुलामागे एक मोठा माणूस, हात लांब केला की पोर हाताला लागलं पाहिजे. आम्ही दोघं मोठे होतो, मी आणि मामेभाऊ. तुम्ही एकटे असाल तर एकालाच न्या. दुसरं रडेल, रडू दे.

सामान. महागडा रॉड घेऊ नका, लहान हातांना तो झेपत नाही, आणि रीळ गुंतलं की सोडवण्यात तुमचा अर्धा तास जातो. एक रिकामी पाण्याची बाटली घ्या, त्यावर तंगूस गुंडाळा. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा. बाटलीचा चपटा भाग हातात बसतो आणि दोरा सरसर सुटतो. दोऱ्याच्या टोकाला शिसं, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी. गरी बारीक घ्या. दुकानात विचारताना लक्षात ठेवा, लहान गऱ्यांमध्ये नंबर जेवढा मोठा तेवढी गरी छोटी. आठ किंवा दहा नंबर चालेल. आणि गरीच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो ना, तो पकडीने दाबून सपाट करून टाका. त्याने काही मासे सुटतात, हो. पण गरी पोराच्या बोटात घुसली तर सरळ निघते, दवाखान्यात जाऊन कापावी लागत नाही. हा सौदा मला मान्य आहे.

दोन सूचना पटकन. तंगूस बोटाभोवती गुंडाळू द्यायची नाही, ओढ बसली की कापते. आणि शिसं विषारी असतं. ते तोंडात जाता कामा नये, लाडू खायच्या आधी हात साबणाने धुवायचे. मुलं सगळं तोंडात घालतात, पाच वर्षांचीसुद्धा.

आमिष म्हणून कोळंबी. सोलून नखाएवढे तुकडे करायचे. मोठा तुकडा लावला की मासा कडेकडेने कुरतडून जातो. हे काम मुलांना द्या, त्यांना प्रचंड आवडतं. धाकट्याने पहिली पंधरा मिनिटं फक्त कोळंबीच सोलली.

आता ते 'गप बस' प्रकरण. हे मुद्दाम सांगते, कारण मला लहानपणी याचाच जास्त राग आला होता. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरतच नाही, बराचसा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. त्यामुळे पोरं बोलली, हसली, गाणी म्हणाली तरी माशांना तेवढा फरक पडत नाही. फरक पडतो पाय आपटण्याचा, कारण तो धक्का दगडातून पाण्यात जातो, आणि पाण्यावर पडणाऱ्या सावलीचा. तर मुलांना सांगा, बोला हवं तेवढं, फक्त उड्या मारू नका. त्यांना जमेल असा हा नियम आहे.

धाकट्याला पापलेट पाहिजे होतं. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, पण गरीला ते सहसा लागत नाही, कारण ते पाण्यात तरंगणारे बारीकसारीक जीव खातं. ते जाळ्यातच यायचं. हे आधी समजावून सांगा, नाहीतर "पापलेट कधी येणार?" हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येतो. खाडीत काठावर मिळणार ती छोटी काळुंदरं, वाळूच्या बाजूला मुडदुशी, नशीब असेल तर पिल्लू तांबोशी. आणि शेंगटी. शेंगटीबद्दल आता सांगतेच.

मोठीच्या दोऱ्याला वीस मिनिटांनी टुकटुक झालं. ती दचकली, बाटली सोडणार होती. काका मागून म्हणाले, "थांब गो, माशाक घाई नाय, तुकाच आसा." मग ओढ लागली, तिने दोरा हाताने भरभर ओढला आणि तळहाताएवढं काळुंदर वर आलं. तिचा चेहरा मी शब्दांत सांगू शकत नाही, म्हणून मी फोन काढला.

इथेच मी चुकले.

मी मोठीचा व्हिडिओ करत होते. मामेभाऊ तिच्या गरीतून मासा काढत होता. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटात धाकट्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्या बाटलीचा दोरा पायरीवर पडला होता, त्याला काहीतरी लागलं, त्याने ओढलं आणि वर आली एक छोटी शेंगटी. मिशा असलेला, गुळगुळीत, बिनखवल्यांचा मासा. मुलांना गोंडस वाटतो. त्याने ती मुठीत पकडली.

शेंगटीला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांना. करवतीसारखे दाते असलेले, आणि त्यांच्यावर विष असतं. एक काटा त्याच्या अंगठ्यात गेला. तो जे किंचाळला, ते व्हिडिओत आहे. मी अजून तो पुन्हा बघितलेला नाही.

तर आता नीट ऐका. शेंगटी, शिंगाळा किंवा पाकटाचा काटा लागला तर जखम आधी स्वच्छ पाण्याने धुवायची, आणि मग तो भाग सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवायचा. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने ते निकामी होत जातं आणि वेदना उतरते. पाणी ४५ अंशांच्या वर नको. उकळतं तर नाहीच! मोठ्या माणसाने आधी स्वतःचा हात घालून बघायचा, कारण दुखऱ्या बोटाला भाजल्याचं कळत नाही. अर्धा ते दीड तास, पाणी निवलं की पुन्हा गरम घालत. बर्फ लावू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका. काट्याचा तुकडा आत मोडून राहू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. श्वास लागला, चेहरा सुजला, चक्कर आली तर गरम पाण्याची वाटसुद्धा बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

मामीने बंबातलं गरम पाणी बादलीत ओतून दिलं. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याचं रडणं हुंदक्यांवर आलं. डॉक्टरांनी बोट तपासलं, आत काही नव्हतं. रात्री बहिणीला फोन केला. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन. काय झालं ते सांगितलं, माझं लक्ष कुठे होतं तेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो जेवला का?"

जेवला होता.

यावरून मी आता जे करते ते सांगते. गरी पाण्यात असेपर्यंत फोन पिशवीत. फोटो हवाच असेल तर सगळ्यांच्या गऱ्या वर घ्यायच्या, मग फोटो. आणि मुलांना आधीच सांगायचं, वर काहीही आलं तरी हात मागे, आधी मोठ्यांना हाक. शेंगटी असेल तर जाड फडक्यात धरून पक्कडीने गरी काढायची, नाहीतर सरळ दोरा कापायचा. दुसरा लक्षात ठेवायचा मासा म्हणजे केंड, तोच जो फुग्यासारखा फुगतो. मुलांना तो फुगवून बघायचा असतो, करू देऊ नका. त्याचे दात चोचीसारखे असतात, बोट तोडू शकतात, आणि त्याच्या अंगात इतकं जहाल विष असतं की तो कधीच खायचा नाही. गरी काढून परत पाण्यात.

परत सोडण्यावरून आठवलं. मोठीचं काळुंदर या गडबडीत बादलीतच राहिलं होतं. बादलीतल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो, दर थोड्या वेळाने पाणी बदलावं लागतं, ते कुणी केलंच नव्हतं. आम्ही परत आलो तेव्हा ते आडवं झालं होतं. तिने विचारलं, "मावशी, हे माझ्यामुळे मेलं?" मी हो म्हटलं. खोटं काय सांगणार? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की मग आपण ते खाल्लं पाहिजे. मामीने तेवढा एकच मासा मीठ-हळद-तिखट लावून तळला, आणि तिने काटे काढत, अगदी गंभीरपणे, पूर्ण खाल्ला. कुणाला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी तीन मासे लागले, हात ओले करून धरले आणि तिन्ही सोडले. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात ओले. निघताना तुटलेल्या तंगूशीचे सगळे तुकडे तिनेच गोळा केले. ती कुजत नाही आणि बगळ्यांच्या पायांत अडकते, हे काकांनी तिला सांगितलं होतं.

धाकटा आला, पण गरी हातात घेतली नाही. वरच्या पायरीवर बसून खेकड्यांना कोळंबीचे तुकडे टाकत होता. मी आग्रह केला नाही. पाऊण तासाने कंटाळला, आम्ही उठलो.

परवा बहीण सांगत होती, त्याने बाटली पुण्याला नेलीय. गरी आणि शिसं मी आधीच काढून घेतलं होतं. आता दोऱ्याला चमचा बांधून चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडतो आणि खालच्या आजी त्याला रोज एक बिस्किट बांधून देतात. पुन्हा समुद्रावर येणार का, ते अजून सांगितलेलं नाही.

चला, आज एवढंच. भेटू पुढच्या आठवड्यात.