कानामागचे श्रवणयंत्र : ओळख आणि निवड

डोळ्यांना कमी दिसू लागले की मनुष्य चष्मा घेतो आणि चारचौघांत तो निःसंकोचपणे लावतो. परंतु कानांना कमी ऐकू येऊ लागले की तोच मनुष्य ती गोष्ट लपवू पाहतो. चष्म्याला कोणी हसत नाही. बहिरेपणाची मात्र नाटकांतून व घरांतून थट्टा होत आली आहे. परिणाम असा होतो की, आजोबा हळूहळू बैठकीतून उठून एकटे बसू लागतात आणि घरची मंडळी ‘त्यांचा स्वभावच बदलला’ असे म्हणू लागतात. बदललेला असतो तो स्वभाव नव्हे, श्रवणशक्ती! विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना या विषयाची ओळख व्हावी, एवढ्याच हेतूने आम्ही या चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

कमी ऐकू येणे म्हणजे सगळेच आवाज सारखे मंद होणे, असा आपला समज असतो. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीतले ध्वनी आधी हरपतात. भाषेतील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, त, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र उंच पट्टीत असते. म्हणून ‘सात’, ‘हात’ आणि ‘भात’ हे शब्द एकसारखे वाटू लागतात. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ या तक्रारीचे मूळ येथे आहे. अशा माणसाच्या कानाशी ओरडल्याने गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाही.

आता यंत्राकडे वळू. पूर्वी श्रवणयंत्राची पेटी खिशात ठेवून तिची तार कानापर्यंत न्यावी लागे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि पुढच्या दशकात हे यंत्र कानामागे मावेल इतके लहान झाले. त्यातील ध्वनिग्राहक बाहेरचा आवाज टिपून त्याचे विद्युत्‌संदेशात रूपांतर करतो. वर्धक तो संदेश वाढवतो. आणि इवलासा ध्वनिक्षेपक त्याचा पुन्हा आवाज करून नळीवाटे कानात सोडतो. नळीच्या टोकाशी कानाच्या मापाचा साचा किंवा मऊ टोपी असते. काही प्रकारांत ध्वनिक्षेपकच बारीक तारेच्या टोकाशी, कानाच्या आत बसवलेला असतो. आजच्या यंत्रांत सूक्ष्म संगणक असतो. तो ज्या पट्टीत उणीव आहे तीच पट्टी अधिक वाढवतो.

निवड करताना पहिली पायरी दुकानाची नव्हे, तपासणीची. कानात मळ साचला असेल, पू येत असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. एकाएकी बहिरेपणा आला तर एक दिवसही दवडू नये. त्यानंतर श्रवणतज्ज्ञाकडून श्रवणालेख काढून घ्यावा. २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचा प्रत्येक स्वर किती डेसिबलवर ऐकू येतो, हे त्यात नोंदलेले असते. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे आलेख वाचणे सोपे जाते. आलेखाशिवाय घेतलेले यंत्र म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा!

उणीव तीव्र असेल तर मोठ्या शक्तीचे यंत्र व घट्ट साचा हवा. साचा सैल असला की आवाज बाहेर झिरपून पुन्हा ध्वनिग्राहकात शिरतो आणि यंत्र शिटी घालते. लहान मुलांना कानामागचेच यंत्र बहुधा सोयीचे पडते. मूल वाढले की केवळ साचा बदलावा लागतो. दोन्ही कान मंद असतील तर दोन यंत्रांनी आवाजाची दिशा अधिक चांगली कळते. ज्यांची बोटे थरथरतात त्यांनी बारीक सेल बदलण्यापेक्षा पुन्हा भारता येणारे यंत्र पाहावे. किमतीत पुष्कळ अंतर असते. परंतु महाग ते उत्तम, असा नियम नाही. काही दिवस घरी वापरून पाहण्याची मुभा व पुढील जुळवणीची सोय आहे की नाही, हे आधी विचारावे. म्हैसूर येथे १९६५ साली आणि मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय श्रवणसंस्थांत तपासणी होते. केंद्र सरकारच्या योजनेखाली पात्र गरजूंना यंत्रसाहाय्यही मिळते.

आमच्या कोकणपट्टीत पावसाळ्याची दमट हवा हा यंत्राचा मोठा शत्रू आहे. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावे व स्नानापूर्वी काढावे. बटणासारखे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ते गिळले गेल्यास जिवावर बेतू शकते.

यंत्र लावल्या दिवशीच सारे सुरळीत होत नाही. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट प्रथम असह्य वाटतो. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय होण्यास काही आठवडे लागतात. पुष्कळ यंत्रे याच काळात कपाटात जाऊन पडतात. विद्यार्थी मित्रहो, तुमचे काम येथेच आहे. आजीसमोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश व स्पष्ट बोला. मागच्या खोलीतून हाक मारू नका. यंत्र आवाज पोहोचवील. त्या आवाजात बोलण्यासारखे काही असावे, ही जबाबदारी आपली.