कागदावरचे एकशे चाळीस पौंड

२००४ ते २०२५ या एकवीस वर्षांच्या काळात अमेरिकेतील जुन्या हलक्या विमानांच्या मालकांना एका विलक्षण अटीला तोंड द्यावे लागले. एखादे विमान विशिष्ट वर्गातील वैमानिकाने चालवावे की नाही, याचा निर्णय त्या विमानाच्या आजच्या स्थितीवरून होत नसे. ते कारखान्यातून बाहेर पडल्यापासून त्यात कोणकोणते बदल झाले, आणि त्यांपैकी एखाद्याने कायद्याने आखलेली रेषा कधी ओलांडली होती काय, यावरून तो होत असे. चाळीसच्या दशकात बनलेल्या विमानांच्या बाबतीत याचा अर्थ असा झाला की, कधीकाळी एखाद्या मेकॅनिकने केलेली सही दोन पिढ्यांनंतरच्या मालकाचा उड्डाणाचा हक्क ठरवू लागली.

या अटीचा उगम १ सप्टेंबर २००४ रोजी अंमलात आलेल्या ‘स्पोर्ट पायलट’ नियमांत आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतुकीचे नियमन करणाऱ्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, या नियमांद्वारे वैमानिकांचा एक नवा आणि सोपा वर्ग निर्माण केला. त्यातील सर्वांत मोठी सवलत आरोग्यतपासणीची होती. एफएएने नेमलेल्या डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र नसले, तरी मोटार चालवण्याचा वैध परवाना पुरेसा मानला जाई. मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी केलेला शेवटचा अर्ज नाकारला गेलेला नसावा, अशी तिला जोड होती. वरच्या दर्जाचा परवाना असलेल्या वैमानिकालाही या मर्यादांत राहून उडण्याची मुभा असल्यामुळे, वय झाल्यावर तपासणीच्या फेऱ्यातून सुटू पाहणाऱ्या असंख्य अनुभवी वैमानिकांचे लक्ष या सवलतीकडे लागले.

सवलतीच्या बदल्यात विमानावर बंधने आली. जास्तीत जास्त दोन आसने, एकच इंजिन, न मिटणारी चाके आणि उड्डाणादरम्यान पात्यांचा कोन बदलता न येणारा पंखा या अटींबरोबरच सपाट उड्डाणातील कमाल वेग १२० नॉट, स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत तो वेग, ४५ नॉट, आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल मान्य वजन १३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो, अशा मर्यादा ठरल्या. परंतु या सर्वांहून परिणामकारक ठरला तो व्याख्येच्या आरंभीचा एक छोटा वाक्यांश: विमानाने आपल्या मूळ प्रमाणनापासून या मर्यादा सातत्याने पाळलेल्या असाव्यात. ‘सातत्याने’ या शब्दाने विमानाचा सारा भूतकाळ कायद्याच्या कक्षेत ओढला.

या शब्दामागील हेतू समजून घेण्याजोगा आहे. मान्य वजन हा जितका वस्तुस्थितीचा, तितकाच कागदावरचा आकडा असतो. १६०० पौंडांसाठी प्रमाणित झालेल्या विमानाच्या मालकाने निव्वळ अर्ज करून तो आकडा १३२० वर आणला, तर विमान तेच, इंजिन तेच, आणि पात्रता मात्र नवी, असा प्रकार घडला असता. हलक्या आणि साध्या विमानांपुरती दिलेली सवलत पळवाटेने जड विमानांपर्यंत पोहोचू नये, यासाठी ही भिंत होती. तथापि तिच्या पलीकडे अशीही विमाने अडकली, जी जन्माने पात्र होती आणि मधल्या काळातील एका फेरफारामुळे अपात्र ठरली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘एर्कूप’ हे आहे. फ्रेड वाइक या अभियंत्याने कल्पिलेले आणि मेरीलँडमधील रिव्हरडेल येथील ‘एर्को’ कंपनीने बनवलेले हे दोन आसनी विमान प्रथम १९३७ मध्ये उडाले आणि १९४० मध्ये प्रमाणित झाले. त्यात पायाने चालवायचे रडरचे पेडल नव्हते. हातातले चाक वळवले की पंखांवरील झडपा, शेपटीवरील सुकाणू आणि जमिनीवर असताना पुढचे चाक ही तिन्ही एकत्र वळत. विमानाचे नाक वर उचलणारी शेपटीवरील आडवी झडप, म्हणजे एलिव्हेटर, एका मर्यादेपलीकडे वर जाऊ नये अशी रचना असल्याने विमान पूर्ण स्टॉल होऊन गिरक्या घेत कोसळण्याचा धोका टळे. सामान्य माणसाला मोटारीसारखे चालवता यावे हा वाइकचा ध्यास होता, आणि महायुद्धानंतर हे विमान मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही विक्रीला आले.

एर्कूपच्या ‘४१५-सी’ या प्रकाराचे कमाल मान्य वजन १२६० पौंड होते. हा आकडा किती अपुरा पडे, हे साध्या हिशेबाने दिसते. रिकाम्या विमानाचे वजन ८३० पौंड धरले आणि २४ गॅलन पेट्रोलचे १४४ पौंड त्यात मिळवले, तर दोन माणसांसाठी उरतात २८६ पौंड, म्हणजे दोघांत मिळून १३० किलो, आणि सामानासाठी काहीच नाही. पुढच्या ‘४१५-डी’ प्रकारात मान्य वजन १४०० पौंडांवर गेले. पण वाढीव भारासह गिरकीपासूनचे संरक्षण टिकावे म्हणून एलिव्हेटरची वरची हालचाल १३ अंशांवरून ९ अंशांवर आणावी लागली. जुन्या ‘सी’ विमानांचेही ठरावीक बदल करून ‘डी’त रूपांतर करता येई, आणि अनेक मालकांनी ते केले. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता. दोन धडधाकट माणसांना टाकी भरून कायदेशीरपणे उडता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

२००४ नंतर हाच शहाणपणा अंगाशी आला. कारखान्यातून १२६० पौंडांचे म्हणून निघालेले विमान एकदा जरी १४०० पौंडांचे झाले असेल, तरी त्याचे सातत्य तुटले. एलिव्हेटरची हालचाल पुन्हा १३ अंशांवर नेली आणि सर्व कागद पूर्ववत केले, तरी ते स्पोर्ट पायलटसाठी पुन्हा पात्र होत नसे. परिणामी एकाच वर्षी बनलेल्या, शेजारी उभी केली तर फरक ओळखूही न येणाऱ्या दोन विमानांपैकी एक मोटारीच्या परवान्यावर उडवता येई आणि दुसरे येत नसे. या ठिकाणी नियमाने आपल्या हेतूची मर्यादा ओलांडली असे म्हणणे भाग आहे, कारण मूळच्या स्थितीत परत आलेल्या विमानात पळवाट शोधणारे कोणी नव्हते.

इतर जुन्या विमानांची कथा याच सूत्राने चालते. १२२० पौंडांचे पायपर जे-३ कब आणि १२०० पौंडांचे टेलरक्राफ्ट बीसी-१२डी निर्विवाद पात्र होते. १२६० पौंडांचे लस्कम ८ए आत होते, तर त्याचेच १४०० पौंडांचे भावंड ८ई बाहेर. मान्य वजन आणि इतर मर्यादा न ओलांडणारा बदल, उदाहरणार्थ अधिक अश्वशक्तीचे मान्यताप्राप्त इंजिन, पात्रतेला बाधा आणत नसे. प्रश्न बदलाचा नव्हता, रेषा ओलांडण्याचा होता.

त्यामुळे जुने विमान खरेदी करणाऱ्याला इंजिनाआधी कागद तपासावे लागू लागले. विमानात मोठा फेरफार झाला की मेकॅनिक ‘३३७’ क्रमांकाचा नमुना भरतो. त्याची एक प्रत मालकाकडे राहते आणि एक ओक्लाहोमा सिटी येथील एफएएच्या नोंदणी दफ्तरात जाते. जमीन घेणारा जसा सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार काढून पाहतो, तसा जाणता ग्राहक या दफ्तरातून विमानाची संपूर्ण नोंद मागवू लागला, कारण हरवलेल्या लॉगबुकमध्ये जे दिसत नाही ते तेथे सापडण्याची शक्यता असे.

या बंधनाची धार दोन टप्प्यांत बोथट झाली. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या ‘बेसिकमेड’ योजनेने, पूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवलेल्या वैमानिकाला दर चार वर्षांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासणी आणि दर दोन वर्षांनी ऑनलाइन अभ्यासक्रम एवढ्यावर ६००० पौंडांपर्यंतची विमाने खुली केली. मात्र ज्याच्याकडे असे प्रमाणपत्र कधीच नव्हते, त्याला तिचा लाभ नव्हता. दुसरा आणि निर्णायक टप्पा जुलै २०२५ मध्ये ऑशकॉश येथील विमानमेळ्यात जाहीर झालेल्या ‘मोझेइक’ नियमांचा. त्यांनी २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटसाठी वजनाची अट काढून टाकली आणि पंखांवरील फ्लॅप न वापरता ५९ नॉटपर्यंतचा स्टॉलवेग हा मुख्य निकष ठरवला. सेस्ना १७२ सारखे चार आसनी विमानही त्यात बसते, मग एर्कूपची काय कथा? रूपांतरित ‘डी’ विमानांना एकवीस वर्षे नडलेला १४०० हा आकडा त्या दिवसापासून निरुपद्रवी झाला.

ओक्लाहोमा सिटीच्या दफ्तरातील रूपांतराची नोंद मात्र आजही तितकीच लागू आहे. वार्षिक तपासणीच्या वेळी मेकॅनिक एर्कूपच्या शेपटीशी कोनमापक धरून एलिव्हेटर वर उचलतो, तेव्हा काटा १३ अंशांवर थांबावा की ९ अंशांवर, हे त्याला त्याच कागदावरून कळते.