तिळाचं पाकीट आणि जर्मनीतला कायदा

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने युरोपभर इशारा दिला की, भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश सापडले आहेत. जर्मनीतल्या दुकानांतूनही तिळाची पाकिटं आणि तीळ घातलेले पदार्थ मागे घेतले गेले. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरीमुळे जर्मनीतल्या वाल्डॉर्फला आलेल्या मराठी घरांत तीळ म्हणजे संक्रांत. अशी बातमी आली की ‘भेसळ करणाऱ्या त्या कंपनीवर आता खटला भरतील’ असं आपण सहज बोलून जातो. त्या एका वाक्यात बरेच गैरसमज आहेत.

पहिली गोष्ट, ही नेहमीच्या अर्थाने भेसळ नव्हती. साल्मोनेला जंतू मारण्यासाठी इथिलीन ऑक्साइड या वायूची धुरी देतात. युरोपात अन्नासाठी ती चालत नाही. तिळात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे. २००३ मध्ये भारतीय तिखटात सापडलेला सुदान रंग किंवा २०१३ मध्ये गोमांस म्हणून विकलेलं घोड्याचं मांस ही मात्र उघड फसवणूक होती.

सगळ्यात मोठा गैरसमज खटल्याबद्दल आहे. जर्मनीत कंपनी फौजदारी खटल्यात आरोपी होऊच शकत नाही. आरोपी होतो तो माणूस: संचालक, व्यवस्थापक, गुणवत्तेची जबाबदारी असलेला अधिकारी. आरोग्याला घातक अन्न जाणूनबुजून विकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, फार गंभीर प्रकरणात पाच. कंपनीला दंड होतो. तिच्या वरिष्ठांनी हेतुपुरस्सर गुन्हा केला असेल, तर एक कोटी युरोपर्यंत. भारतात उलट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ६६ नुसार कंपनी आणि तिचा कारभार पाहणारी व्यक्ती, दोघांनाही दोषी धरता येतं. पण तिथेही माल नुसता कमी दर्जाचा असेल, तर तुरुंग नाही, दंडच होतो. मला जर्मन पद्धत अपुरी वाटते: दंड हिशेबाच्या वहीत खर्च म्हणून जिरतो आणि नेमका माणूस दोषी ठरवणं कठीण जातं.

मग जाब आधी कुणाला विचारतात? आता पाकीट उलटं करून बघा. भारतातल्या ब्रँडच्या छपाईवर जर्मन भाषेतली छोटी चिकटपट्टी असते. तिच्यावर आयातदाराचं नाव, पत्ता. युरोपीय कायदा जाब विचारतो तो आधी या आयातदाराला. दुकानदारालाही माल कुणाकडून घेतला ते दाखवावं लागतं.

माल परत मागवला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असंही नाही. धोका कळताच माल मागे घेणं हे कंपनीचं कायदेशीर कर्तव्यच आहे.

शेवटचा गैरसमज आपल्याला गप्प बसवतो: तक्रारीला वकील लागतो, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. काहीच लागत नाही. वाल्डॉर्फ ऱ्हाईन-नेकर जिल्ह्यात येतं. जिल्हा प्रशासनाचं पशुवैद्यकीय व ग्राहक संरक्षण खातं तक्रार घेतं, नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो. दंडाचे पैसे मात्र आपल्याला मिळत नाहीत, नुकसानभरपाईचा दावा वेगळा करावा लागतो.

तेव्हा वास, रंग, चव खटकली तर पाकीट फेकू नका. उरलेला माल, बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा आणि त्याच दिवशी त्या खात्याला कळवा.