पंचेचाळीस अंश, पण कुठले?

‘लेव्हलमधला उजेड’ : लेखांक ९

कबूल केलेले बेकिंग या आठवड्यात नाही. लाइटमॅप, त्यांचे ठिपके आणि रात्रभर चालणारी गणिते पुढच्या लेखांकात येतील. मध्येच एका वाचकाचे पत्र आले आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत संपते, पण त्यामागची हकिगत चाळीस वर्षांची आहे आणि ती बाजूला ठेवणे जिवावर येते.

पत्रातली तक्रार अशी. वाचकाने ब्लेंडरमध्ये एका गोदामाची लेव्हल उभी केली. जमिनीपासून तीन मीटरवर एक स्पॉटलाइट, खाली खोक्यांची रास, कोन ४५ अंश. उजेडाचे वर्तुळ खोक्यांपुरते पडते, दोन्ही बाजूंना काळोख राहतो आणि खेळाडूने त्याच काळोखातून सरकत जायचे आहे. मग मॉडेल गोडो इंजिनमध्ये नेले, दिवे तिथे हाताने नव्याने लावले आणि आकडे जसेच्या तसे भरले. तिथे उजेड थेट भिंतींवर चढला. लपायची जागाच उरली नाही. ‘गोडोत बग आहे का?’ असा प्रश्न.

बग नाही. ब्लेंडर शंकूचा पूर्ण कोन मागतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गोडो अर्धा कोन मागतो, मधल्या अक्षापासून एका कडेपर्यंत. ब्लेंडरमधले ४५ हे गोडोत साडेबावीस होतात. गोडोत ४५ लिहिले की प्रत्यक्षात ९० अंशांचा शंकू उघडतो.

शाळेतली त्रिकोणमिती इथे फार दिवसांनी कामाला येते. वर्तुळाची त्रिज्या म्हणजे दिव्याची उंची गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. तीन मीटर उंचीवर साडेबावीस अंशांना त्रिज्या भरते सुमारे सव्वा मीटर, आणि ४५ अंशांना पूर्ण तीन मीटर. अडीच मीटर व्यासाचे वर्तुळ सहा मीटरांचे झाले. क्षेत्रफळ जवळपास सहापट वाढले. गोदामातला काळोख गेला तो असा. दिवे हाताने न लावता जीएलटीएफ फाईलमधून नेले असते, तर हे झाले नसते. त्या फॉरमॅटच्या दिव्यांच्या विस्तारात शंकूचा कोन अर्धाच नोंदवायचा असा नियम आहे आणि भागाकार एक्स्पोर्टर परस्पर करतो.

आता बाकीच्यांकडे पाहिले तर गंमत वाढत जाते. युनिटी पूर्ण कोन मागते. नवा स्पॉटलाइट टाकला की तिथे ३० अंश लिहिलेले असतात आणि घसरपट्टी १७९ पर्यंत जाते. अनरियल अर्धा मागते. तिथे बाहेरच्या शंकूचा ठरलेला आकडा ४४ आणि घसरपट्टीची मर्यादा ८०. युनिटीचे ३० आणि अनरियलचे ४४ पाहून दोन्ही दिवे साधारण सारखेच असतील असे कुणालाही वाटेल. खरा फरक ३० विरुद्ध ८८ असा आहे.

हा घोळ नेमका कुठे सुरू झाला, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. संगणकीय चित्रांतले सुरुवातीचे दिवे एक तर सूर्यासारखे फार दूरचे किंवा उघड्या बल्बसारखे, चहूकडे सांडणारे. १९८३ च्या सिग्राफ परिषदेत डेव्हिड वॉर्न यांनी एक छोटा निबंध मांडला. वॉर्न जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. त्यांना हवी होती मोटारींची देखणी चित्रे, आणि उघड्या बल्बाखाली गाडीचा पत्रा देखणा दिसत नाही. फोटोग्राफरच्या स्टुडिओत दिव्याला दिशा असते, झडपा असतात, झोत आवळता येतो. वॉर्न यांनी नेमके हेच गणितात आणले. दिव्याला रोख दिला, झोत किती एकवटावा याचा घातांक दिला, कड कापायला शंकू दिला आणि उजेड आडवा-उभा छाटायला झडपाही दिल्या. आजच्या प्रत्येक गेम इंजिनातला स्पॉटलाइट वॉर्न यांच्या त्या दिव्याचा वंशज आहे. झडपा मात्र वाटेत गळाल्या. लेव्हलमध्ये दिवे लावणाऱ्यांना त्यांची आठवण आजही येत असेल.

संगणकाला अर्धाच कोन सोयीचा, याचे कारण साधे आहे. जमिनीवरचा एखादा बिंदू झोतात आहे की नाही हे ठरवताना इंजिन दिव्याच्या अक्षाची दिशा आणि दिव्यापासून त्या बिंदूची दिशा यांचा डॉट गुणाकार करते. तो अर्ध्या कोनाच्या कोसाइनपेक्षा मोठा असेल तर बिंदू आत, लहान असेल तर बाहेर. पूर्ण कोन या हिशेबात कुठे येतच नाही. १९९२ च्या ओपनजीएलने म्हणून अर्धा कोनच मागितला, ० ते ९० अंश. त्याशिवाय १८० हा एकच आकडा चालतो, आणि त्याचा अर्थ ‘हा स्पॉट नाही, साधा दिवा आहे’. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीने मात्र थीटा आणि फाय असे दोन कोन घेतले, आतल्या शंकूचा आणि बाहेरच्या शंकूचा, आणि दोन्ही पूर्ण. दोन मोठी घराणी तिथेच वेगळी झाली.

खेळांच्या दुनियेत तर एकाच घरात दोन रीती सापडतात. आयडी सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’मध्ये (१९९६) स्पॉटलाइट नावाची वेगळी वस्तूच नव्हती. साध्या दिव्याला एक लक्ष्य दिले की तो स्पॉट व्हायचा. त्याचा ठरलेला कोन ४० अंश, पूर्ण. लक्ष्य म्हणून ‘इन्फो नल’ नावाची एक रिकामी खूण ठेवायची. दिव्याचा रोख ठरला, लाइटमॅप तयार झाले की तिचे काम संपले. खेळ सुरू होताच ती स्वतःला पुसून टाकते. आपल्या नावाला इतकी जागणारी वस्तू लेव्हल एडिटरमध्ये दुसरी सापडणार नाही.

‘क्वेक’च्याच इंजिनाचा परवाना घेऊन व्हॉल्व्हने १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ केला. त्यात स्पॉटला स्वतःचे नाव मिळाले, शंकूही दोन झाले. आतला ३०, बाहेरचा ४५. आणि हे दोन्ही अर्धे कोन! ‘क्वेक’च्या लेव्हली बनवून हात बसलेला माणूस हाफ-लाइफकडे आला की त्याचा पहिला दिवा हमखास ऐसपैस पडायचा. ‘हाफ-लाइफ २’च्या (२००४) सोर्स इंजिनातही तीच रीत राहिली. तिथे आणखी एक खोडी आहे. दिव्याच्या खालीवर झुकण्यासाठी वेगळा ‘पिच’चा रकाना असतो आणि त्यात उणे ९० म्हणजे सरळ खाली. नेहमीच्या कोनांच्या रकान्यात मात्र खाली बघायला अधिक ९० लागतात. दोन्ही रकाने भरलेले असतील तर पिच जिंकतो. सोर्सच्या हॅमर एडिटरमध्ये छताकडे तोंड करून बसलेले दिवे पाहिले की हा रकाना आधी तपासावा.

कोन दुप्पट झाल्याने फक्त वर्तुळ मोठे होते असे कुणी समजू नये. सावलीही बिघडते. सावलीचा नकाशा ही लान्स विल्यम्स यांची १९७८ ची कल्पना. दिव्याच्या जागी कॅमेरा ठेवायचा, त्याला काय दिसते त्याची खोली नोंदवायची, आणि जे त्याला दिसत नाही ते सावलीत धरायचे. उघड्या बल्बाला सहा दिशांना सहा नकाशे काढावे लागतात, स्पॉटला एकच पुरतो. म्हणूनच छताला बल्ब दिसत असला तरी जाणते लेव्हल डिझायनर प्रत्यक्षात खाली तोंड केलेला स्पॉट लावतात. पण तो एक नकाशा सगळ्या शंकूवर ताणला जातो. १०२४ ठिपक्यांचा नकाशा अडीच मीटरवर पसरला तर प्रत्येक ठिपका सुमारे अडीच मिलिमीटरचा. सहा मीटरवर पसरला तर जवळपास सहा मिलिमीटरचा. खोक्याच्या सावलीची कड दातेरी दिसू लागते आणि बिचारा माणूस सावलीच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

अनरियलमध्ये दुप्पट कोनाचा परिणाम लाल फुलीत दिसतो. तिथे ‘स्टेशनरी’ प्रकारचे दिवे असतात. जागा पक्की, रंग आणि तेज बदलता येते, सावल्या आधीच काढून ठेवलेल्या. त्या सावल्या एका टेक्स्चरच्या चार चॅनलमध्ये भरल्या जातात, म्हणून सावली टाकणारे असे चारच दिवे एकमेकांवर येऊ शकतात. पाचवा आला की त्याच्या चिन्हावर लाल फुली येते आणि त्याची सावली दर फ्रेमला नव्याने काढावी लागते. कोन दुप्पट केलेले दिवे शेजाऱ्यांच्या हद्दीत सहज शिरतात. गोदामात अशा फुल्या दिसल्या तर दिवे उडवण्याआधी शंकू आवळून पाहावेत, आणि झोत कुठवर पोहोचतो ती त्रिज्याही.

तेजाचा मुद्दा थोडा वादाचा आहे. तेज ल्युमेनमध्ये मोजायचे म्हटले तर दिव्याचा एकूण उजेड ठरलेला असतो, आणि झोत आवळला की तो दाट होतो. अनरियल ल्युमेनमध्ये असेच वागते. पूर्ण ४५ अंशांचा शंकू ९० चा केला तर झोताची तीव्रता जवळपास चौथाईवर येते. कँडेला निवडला तर कोन बदलला तरी तीव्रता तीच राहते. फ्रॉस्टबाइट इंजिन भौतिक नियमांवर आणताना सेबास्तियन लागार्द आणि शार्ल द रूसिए यांनी २०१४ मध्ये मुद्दाम हा दुवा तोडला. कोन फिरवला की तेज बदलते याने कलाकार वैतागतात, म्हणून त्यांचा स्पॉट उघड्या बल्बावर टोपण ठेवल्यासारखा वागतो. युनिटीच्या एचडीआरपी या रेंडर पाइपलाइनमध्ये ‘रिफ्लेक्टर’ची चौकट आहे, ज्याला हवे त्याने खूण करावी. सोयीचा विचार केला तर फ्रॉस्टबाइटची बाजू बळकट वाटते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे दिवे लावणाऱ्याला हवेच असते.

खऱ्या दिव्यांवरून आकडे उचलणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. दुकानात छताच्या स्पॉटच्या खोक्यावर ३६ अंश छापलेले असतात. तो पूर्ण कोन, आणि तोही उजेड संपतो तिथला नव्हे. मधल्या तेजाच्या निम्मे तेज जिथे उरते तिथपर्यंतचा. त्यापलीकडेही उजेड सांडत असतोच. अनरियलच्या बाहेरच्या शंकूत ३६ भरले तर दोन चुका एकदम होतात. एक तर कोन दुप्पट, आणि वर निम्म्या तेजाच्या रेषेला शून्य तेजाची रेषा मानले. दिवा हुबेहूब हवाच असेल, तर उत्पादकाची आयईएस फाईल घ्यावी. इल्युमिनेटिंग इंजिनिअरिंग सोसायटीने ती पद्धत १९८६ मध्ये आखून दिली, आणि कुठल्या कोनात किती तेज याची मोजमापे त्या फाईलमध्ये असतात.

एवढा खल कोनाच्या आकड्यावर कशासाठी? कारण काही खेळांत शंकूची कड हाच खेळाचा नियम असतो. लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’मध्ये (१९९८) पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. ते उजळले की खेळाचा नायक गॅरेट पहारेकऱ्यांना दिसू शकतो, काळवंडले की तो सुरक्षित. मशाली पाण्याच्या बाणाने विझवता येतात, विजेचे दिवे विझत नाहीत. तिथे खेळाडूला काळोखाची वाटच शोधावी लागते आणि ती वाट लेव्हल डिझायनरने सोडलेली असावी लागते. प्लेडेडच्या ‘इनसाइड’मध्ये (२०१६) सर्चलाइटचा झोत खेळातल्या मुलावर पडला की खेळ संपला. धुक्यात दिसणाऱ्या त्या झोताची कड आणि पकडले जाण्याची कड यांत हातभराचा फरक पडला तरी खेळाडू चिडेल, आणि त्याचे चिडणे रास्त असेल. पुष्कळदा या दोन कडा वेगवेगळ्या जागी लिहिलेल्या असतात. दिवा इंजिनात असतो आणि पकडण्याचा हिशेब स्क्रिप्टमध्ये, त्याच डॉट गुणाकाराने केलेला. दिव्याचा कोन युनिटीसारखा पूर्ण असेल आणि स्क्रिप्टमध्ये तो न भागता कोसाइनला दिला, तर मुलगा काळोखात उभा असतानाच पकडला जाईल.

आपले इंजिन कुठल्या घराण्यातले हे ओळखायला दस्तऐवज चाळायची गरज नाही. रिकाम्या जमिनीवर दोन मीटर उंचीवर दिवा टांगावा, तोंड सरळ खाली, कोन ४५, कड शक्य तितकी तीक्ष्ण. वर्तुळाची त्रिज्या उंचीइतकीच, दोन मीटर भरली तर आकडा अर्ध्या कोनाचा. ती ८३ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर पूर्ण कोनाचा. कड पुसट ठेवून हा प्रयोग करू नये. अनरियलमध्ये आतला शंकू शून्यावर असतो, म्हणून तेज मध्यापासूनच उतरत जाते आणि वर्तुळ आहे त्याहून लहान भासते. तिथे आतला कोन आधी ४४ पर्यंत न्यावा.

वाचकाच्या पत्रात कडेबद्दलही एक ओळ होती. ब्लेंडरमधला ‘ब्लेंड’ गोडोत कुठे सापडेल? तसा रकाना तिथे नाही. गोडो आतला शंकू मागतच नाही, अक्षापासून कडेपर्यंत तेज कसे उतरावे याचा एक घातांक मागतो. ब्लेंडरच्या आकड्यावरून तो घातांक काढायचे नेमके सूत्र शोधण्यात वेळ घालवू नये. दोन्ही खिडक्या शेजारी उघडाव्यात आणि जुळेपर्यंत डोळ्यांनी फिरवावे. गोदामाच्या कोपऱ्यातला काळोख परत आला की तेवढे पुरे.

बेकिंग पुढच्या आठवड्यात, तोवर असेच दुसरे पत्र आले नाही तर.