खर्चाला साक्षीदार

लेखमाला : घरचा हिशेब, भाग सहावा

घरखर्चाची वही बहुतेक घरांत कधी ना कधी सुरू होते. पाडव्याला, नाहीतर पगाराच्या दिवशी. पहिल्या पानांवर कोथिंबिरीचे दहा रुपयेसुद्धा नोंदलेले असतात. मग एखादा लग्नाचा आठवडा येतो, चार दिवसांच्या नोंदी राहतात आणि उरलेली कोरी पाने मुलांच्या गणितांना कामी येतात. ही वही कशी लिहायची ते गेल्या भागात आले. ती टिकत का नाही, आणि पनवेलच्या आसपास बायकांच्या बचत गटांची वही मात्र वर्षानुवर्षे कशी टिकते, हा या भागाचा विषय आहे.

घरची वही लिहिणाराच वाचतो. गटाची वही दर महिन्याला दहा-पंधरा जणींसमोर उघडते.

ठरलेल्या तारखेला कोणाच्या तरी ओटीवर, समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या कार्यालयात सतरंजी पसरते. सचिव नावे वाचते, प्रत्येक जण बचत भरते, पासबुकावर आकडा चढतो. उशीर झाला तर दंड. दंडाची रक्कम फार नसते, पण ती नावानिशी वहीत लागते आणि पुढच्या मीटिंगला वाचली जाते. गटात सहसा दहा ते वीस जणी असतात. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्यांची पंचसूत्री. यातले एकही सूत्र ‘खर्च कमी करा’ असे सांगत नाही. तरीही या पाच गोष्टी सांभाळता सांभाळता खर्चाला आपोआप वेसण बसते.

नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हा बँकेपुढचा प्रश्न साधा होता: या बायकांकडे तारण काय? जमीन त्यांच्या नावावर नव्हती, दागिने असले तरी त्यांच्यावर त्यांची सत्ता नव्हती. तारण म्हणून उभी राहिली ती वही. अमुक महिने न चुकता बचत झाली आहे, आपसातली कर्जे फिटली आहेत, एवढ्या पुराव्यावर जमलेल्या बचतीच्या पटीत कर्ज मिळू लागले. महाराष्ट्रात २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने, पुढे हेच काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. ग्रामीण भागात २०११ पासून ‘उमेद’ अभियान आले. पनवेल तालुक्यात शहर आणि गाव दोन्ही आहेत. १ ऑक्टोबर २०१६ला इथे रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका झाली, पण तालुक्याचा मोठा भाग आजही ग्रामपंचायतींचा आहे. त्यामुळे एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचा गट महापालिकेकडे आणि दुसरीचा ‘उमेद’कडे नोंदलेला असू शकतो. सतरंजीवर चालणारे काम मात्र सारखेच.

त्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग कर्जमागणीचा. ‘कशाला पाहिजेत?’ हा प्रश्न एरवी कोणी विचारला तर राग यावा. गटात तो विचारावाच लागतो, कारण पैसे सगळ्यांचे असतात. मुलाची फी, सासूचे औषध, शिलाई मशीन, पावसाआधी घालायचे पत्रे यांना माना लगेच डोलतात. मोठा टीव्ही किंवा नवा मोबाइल म्हटले की चर्चा सुरू होते. जुना दुरुस्त होत नाही का? गणपतीनंतर घेतला तर चालणार नाही का? हप्ता कशातून भरशील? काही गट कर्ज देतात, काही थांबायला सांगतात. व्याज बऱ्याच ठिकाणी महिन्याला शेकडा दोन रुपये असते. ते गटाच्याच खात्यात राहते, म्हणून सावकाराच्या व्याजासारखे बोचत नाही. पण व्याजापेक्षा जास्त परिणाम होतो तो बोलण्याचा. इच्छा मनात असते तोवर तिला धार असते. चारचौघींत कारणासकट मांडताना ती किती निकडीची आहे ते मागणारीलाच कळते, आणि कितीतरी मागण्या मीटिंगपर्यंत पोहोचतच नाहीत.

म्हणजे गट दोन गोष्टी करतो: खर्चाला साक्षीदार देतो आणि इच्छा व खरेदी यांच्यामध्ये काही दिवसांचे अंतर ठेवतो.

हातातल्या फोनने नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतल्या आहेत. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि पाकीट उघडून नोटा मोजण्याचा क्षण संपला. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत सामान काही मिनिटांत दाराशी येते. कार्डाचा नंबर साठवलेला, पत्ता साठवलेला, ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ची सोय पडद्यावर तयार. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या केलेली खरेदी शेजारी झोपलेल्या माणसालाही कळत नाही. या अंतराची किंमत नियामकांनाही मान्य आहे. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली. ॲपवरून कर्ज घेणाऱ्या किती जणांना हा हक्क ठाऊक असतो, असा प्रश्न पडतो. घरातल्या कॉलेजवयीन मुलांना तरी तो आजच सांगून ठेवावा.

पनवेल-सीएसएमटी लोकलच्या महिला डब्यात या दोन्ही ताकदी शेजारी शेजारी दिसतात. संध्याकाळी कानातल्यांचे, क्लिपांचे, रुमालांचे फळे घेऊन विक्रेत्या चढतात. दिवसभर दमलेल्या माणसाला काहीतरी छोटे, चमकदार आणि स्वस्त हवेसे वाटते. त्याच डब्यात ‘ग्रुप’ही असतो. रोजची तीच गाडी, तीच खिडकी, त्याच चार-पाच जणी. त्यांची भिशी असते, वाढदिवस असतात आणि एकमेकींच्या कपाटात काय आहे याची बित्तंबातमी असते. फळ्याकडे गेलेला हात ‘अगं, असलेच आहेत ना तुझ्याकडे?’ एवढ्या एका वाक्याने मागे येतो. तोच ग्रुप ‘घे गं, शोभतील तुला’ म्हणाला, तर तोच हात पर्समध्ये जातो.

माणसांचा दाब दोन्ही दिशांना काम करतो, आणि पनवेलइतका त्याचा अनुभव फार थोड्या गावांनी घेतला असेल. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या घरांत रोख रक्कम एकदम आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली, तेव्हा साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज ठरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. जमीन दरवर्षी थोडे थोडे पीक देते आणि खर्चही त्याच मापात ठेवायला शिकवते. मोबदल्याची रक्कम एका दिवसात खात्यावर येते. ती कशी सांभाळायची हे शिकवणारी व्यवस्था मोबदल्यासोबत आली नाही, आणि ही त्या साऱ्या व्यवहारातली मोठी उणीव होती.

ती रक्कम गेली कशात? गाड्या, बंगले आणि विशेषतः हळदी. आगरी-कोळी घरांतली हळद हा मुळात गावाने एकत्र येऊन नाचण्याचा, जेवण्याचा देखणा सोहळा. पण शेजारच्या घरी मांडव एवढा, बँड एवढा, जेवणावळ एवढी झाली की आपल्या घरी त्याहून कमी करणे अवघड होते. हा खर्च हौसेपेक्षा गावाच्या नजरेमुळे वाढतो. म्हणून तो कमी करण्याचा उपायही एकट्या घराला झेपत नाही. एकट्याने साधी हळद केली तर ‘पैसे संपले वाटते’ असे ऐकावे लागते. सगळ्या आळीने मिळून ठरवले तर मात्र कोणालाच खाली बघावे लागत नाही.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. जोतीराव फुले यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा विवाह पुरोहिताविना, थाटामाटाविना लावला. त्यामागचा मुख्य हेतू पुरोहितशाहीतून सुटका हा होता, पण लग्नापायी कर्जात बुडणारा कुणबी-माळी संसारही फुल्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्या जोडप्याच्या पाठीशी समाजाचे सभासद उभे होते. लोक नावे ठेवणारच होते. ती झेलायला सोबत होती, म्हणून ते लग्न होऊ शकले.

साक्षीदार नेहमी गटाच्याच रूपात यावा लागतो असेही नाही. सिंडिकेट बँकेने १९२८ साली कर्नाटकात पिग्मी ठेव सुरू केली: एजंट रोज दुकानात येणार, दोन आणे नेणार. हीच पद्धत पुढे महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी गल्लोगल्ली नेली. अनेक बाजारपेठांत आजही संध्याकाळी पिग्मीवाला येतो आणि दुकानदार गल्ल्यातून आधी त्याचे पैसे बाजूला काढतो. पोस्टाच्या आरडीसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ साली आली. तिच्या एजंट बाई दर महिन्याला घरी येऊन हप्ता नेतात. हिशेबी मनाला वाटेल की बँकेतून आपोआप कापून जाणारा हप्ता जास्त सोयीचा. सोयीचा आहेच. पण दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईला ‘या महिन्यात नाही जमणार’ सांगणे जितके जड जाते, तितके फोनवरचे बटण दाबून हप्ता थांबवणे जात नाही.

चिली देशात हे मोजून पाहिले गेले आहे. फेलिपे कास्ट, स्टीफन मायर आणि दिना पोमेरान्झ या अभ्यासकांनी छोटे व्यवसाय करणाऱ्या २,६८७ जणांवर प्रयोग केला. काहींना नुसते बचत खाते दिले, काहींना भरघोस व्याजाचे खाते दिले आणि काहींना असे गट दिले, जिथे आपले बचतीचे उद्दिष्ट सर्वांसमोर सांगायचे आणि दर आठवड्याला ते पाळले की नाही हे दाखवायचे. जास्त व्याजाने बहुतेकांच्या सवयीत फारसा फरक पडला नाही. गटातल्या लोकांनी मात्र साडेतीन पट अधिक वेळा पैसे भरले आणि त्यांची सरासरी शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली. पुढच्या प्रयोगात बैठकींऐवजी फोनवर संदेश पाठवले: तुम्ही भरले का, इतरांनी किती भरले. त्याचाही परिणाम जवळपास बैठकींइतकाच झाला. म्हणजे ज्या फोनने साक्षीदार हिरावला, तोच तो परतही देऊ शकतो.

साताऱ्यातल्या म्हसवडची गोष्ट याला आणखी एक बाजू जोडते. चेतना गाला सिन्हा यांनी तिथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता, कारण प्रवर्तक सभासदांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. त्या शिकू लागल्या, मुंबईला जाऊन अधिकाऱ्यांसमोर म्हणाल्या की सही येत नसली तरी व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, आणि परवाना घेऊन आल्या. या बायकांना बचत करायला कोणी शिकवायची गरज नव्हती. घरात ठेवलेला पैसा घरातल्या इतरांच्या हाताला लागतो, ही त्यांची अडचण होती. काटकसरीचे उपदेश बहुतेक वेळा हे विसरतात. वाचवलेला पैसा सुरक्षित राहील अशी जागा नसेल, तर तो खर्चून टाकणे हाही शहाणपणाचाच निर्णय ठरतो.

त्या जागेविषयी पनवेलकरांनी किंमत मोजली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झालेली होती, त्यामुळे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे तेव्हा सांगितले गेले. त्याहून मोठी ठेव एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांची मात्र झोप उडाली. गटाचे खाते कुठे आहे आणि तिथे ठेव विमा आहे का, हे इतिवृत्तात लिहून ठेवण्याची सवय प्रत्येक गटाने लावून घ्यायला हवी.

आणखी एक सावधगिरी. सूक्ष्म वित्त कंपन्यांचेही गट असतात, आणि त्यांनाही लोक सरसकट बचत गट म्हणतात. तिथे गट बनतो तो कर्ज वाटण्यासाठी. बचत नंतर येते किंवा येतच नाही. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. त्या बैठकीत ‘कशाला पाहिजेत?’ असे विचारायला कोणालाच सवड नसते. सामील होण्याआधी पहिल्या मीटिंगमध्ये काय होते ते पाहावे: पैसे गोळा होतात की वाटले जातात.

ज्यांना नोंदणीकृत गटाची गरज नाही, त्यांनी तीन-चार विश्वासू माणसांपासून सुरुवात करावी. एकाच मजल्यावरच्या, एकाच डब्यातल्या किंवा एकाच ऑफिसातल्या. रकमेची एक हद्द ठरवावी. त्यापुढची, आधी न ठरवलेली कोणतीही खरेदी करण्यापूर्वी या माणसांना संदेश टाकायचा आणि दोन रात्री जाऊ द्यायच्या. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचे. पुढच्याने ‘घेऊ नकोस’ म्हणायचे नाही, ‘कशाला?’ एवढेच विचारायचे. महिन्यातून एकदा भेटून, न घेतलेल्या वस्तूंचे पैसे कुठे गेले ते एकमेकांना दाखवायचे. ते आरडीत गेले नसतील, तर बहुधा दुसऱ्या कशावर तरी उडालेले असतात. कोणी न सांगता खरेदी केली, तर टोमणे मारायचे नाहीत, कारण टोमणा बसलेला माणूस पुढच्या वेळी सांगणे सोडतो आणि मग साक्षीदारच उरत नाही. जुने गट यासाठीच रागावण्याऐवजी ठरलेला दंड घेतात: रक्कम भरली, वहीत नोंद झाली, विषय संपला.

पुढच्या भागात : भिशी. चिट फंड कायदा १९८२ काय सांगतो, भिशी कोणत्या टप्प्यावर फुटते, आणि आपला नंबर आधी लावून घ्यावा की शेवटी.