मुलांनी किकस्टार्टरची लिंक पाठवली, तर?

घरात बारा ते अठरा वयाचं कुणी असेल, तर आजचा विषय तुम्हाला ओळखीचा वाटेल. लेक फोन पुढे करते, अजून तयार न झालेल्या एखाद्या व्हिडिओ गेमचा देखणा व्हिडिओ दाखवते आणि म्हणते, ‘बाबा, फक्त २५ डॉलर. आत्ता भरले तर पुढच्या डिसेंबरात गेम मिळेल.’ २५ डॉलर म्हणजे साधारण ९२ दिरहम. एका संध्याकाळच्या बाहेरच्या जेवणाइतके. आपण कार्ड काढून देतो. अडचण रकमेची नसतेच. अडचण असते त्या ‘मिळेल’ या शब्दाची.

क्राउडफंडिंगला आपण लोकवर्गणी म्हणू शकतो, पण गणपतीची वर्गणी देताना आपण परतीची अपेक्षा ठेवत नाही, आणि दुकानात पैसे दिले की वस्तू घेऊनच बाहेर पडतो. हा प्रकार दोन्हींच्या मधला. मराठी प्रकाशकांची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ आठवते? पुस्तक छापून यायच्या आधी पैसे भरायचे, थोडं स्वस्तात मिळायचं. तसंच हे, फक्त तिथे हस्तलिखित बहुधा लिहून झालेलं असतं. इथे पुष्कळदा पहिलं प्रकरणच लिहिलेलं असतं.

आपल्यापैकी अनेकांनी दुबईत ऑफ-प्लॅन फ्लॅट घेतलाय किंवा घ्यायचा विचार केलाय. तिथे २००७ च्या कायद्यानुसार तुमचे हप्ते एस्क्रो खात्यात जातात आणि बांधकाम पुढे सरकेल तसे बिल्डरला मिळतात. महाराष्ट्रातही रेराखाली ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. किकस्टार्टरवर असलं काही नाही. मोहीम यशस्वी झाली की प्लॅटफॉर्म आपले ५ टक्के आणि कार्डाचा खर्च कापून उरलेली रक्कम निर्मात्याच्या हाती देतो. वचन पाळायची जबाबदारी निर्मात्याची. किकस्टार्टर स्वतः पैसे परत करत नाही, आणि तसं ते स्पष्ट सांगतं.

आता पुण्याची गोष्ट. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०१७ मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या गेमसाठी किकस्टार्टरवर १ लाख २० हजार पौंड मागितले. प्राचीन भारत, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी नावाची मुलगी, सोबतीला दुर्गा आणि विष्णू. आपल्या मुलांना दाखवावा असा विषय. पण रक्कम जमली नाही. किकस्टार्टरचा नियम असा की ठरलेला आकडा गाठला नाही, तर कुणाच्याच कार्डावरून पैसे कापले जात नाहीत. म्हणजे ज्यांनी पाठिंबा दिला होता त्यांचं काही गेलं नाही. स्टुडिओने पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळवलं, प्रकाशक मिळवला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ आधी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही होतं.

मुलांना मी हीच गोष्ट आधी सांगतो. ‘आत्ता पैसे दिले नाहीत तर गेम हातचा जाईल’ असं त्यांना वाटतं. तसं क्वचितच होतं. गेम तयार झाला की दुकानात येतोच. थांबल्याने जाते ती थोडीशी सवलत, आणि श्रेयनामावलीतलं आपलं नाव. हे नावाचं आकर्षण मुलांना फार असतं, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. पण ते नावासाठीचे पैसे आहेत हे तरी माहीत असावं.

उशीर मात्र गृहीतच धरा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या इथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवरच्या डिझाइन आणि तंत्रज्ञानाच्या प्रकल्पांचा अभ्यास केला, तेव्हा ७५ टक्क्यांहून अधिक प्रकल्प उशिरा पूर्ण झालेले आढळले. सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांच्या २०१५ च्या पाहणीत, कबूल केलेलं काहीच न देणारे सुमारे ९ टक्के निघाले. म्हणजे फसवणुकीपेक्षा उशिराची शक्यता कितीतरी जास्त. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या ऑफिसातली किती कामं पहिल्या अंदाजपत्रकातल्या तारखेला संपतात?

त्यात ‘स्ट्रेच गोल’ असतात: इतके जास्त जमले तर आणखी हे देऊ. पैसे वाढतात तसं कामही वाढतं. डबल फाइनने २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांवर जमले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यायचा गेम मोठा होत गेला; ‘ब्रोकन एज’चा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. ‘हॉलो नाइट’ची मोहीम २०१४ च्या अखेरीची, ऑस्ट्रेलियातल्या लहानशा चमूची, जमले ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. गेम २०१७ मध्ये आला आणि फार नावाजला गेला. त्याच मोहिमेत एक जादा पात्र कबूल केलं होतं. त्याचा पुढे स्वतंत्र गेम झाला, ‘सिल्कसाँग’, आणि तो बाहेर पडला सप्टेंबर २०२५ मध्ये. २०१४ मध्ये आठवीत असलेलं मूल तोवर नोकरीला लागलेलं असेल! आणि ‘स्टार सिटिझन’ची मोहीम २०१२ ची, ७० कोटी डॉलरहून अधिक जमा झाले, पूर्ण गेम अजून यायचाच आहे.

तेव्हा पैसे द्यायचेच असतील तर आधी पाहा: खेळून बघता येईल असा डेमो आहे का, या लोकांनी याआधी एखादा गेम पूर्ण केलाय का. नुसता व्हिडिओ असेल तर मी थांबेन. दिलेली तारीख कॅलेंडरवर लिहाल तेव्हा मुलांसमोरच तिच्यापुढे दोन वर्षं जोडा. मन बदललं, तर मोहीम संपायच्या आधल्या दिवसापर्यंत रक्कम निश्चिंतपणे मागे घेता येते.

आपल्याकडच्या दोन खास अडचणी. पहिली म्हणजे गेम कोणत्या यंत्रासाठी हवा ते आधी कळवावं लागतं, आणि तीन वर्षांत घरातलं यंत्र बदललेलं असतं. शिवाय दहावीत मागितलेला गेम येईल तेव्हा लेक पुण्यात किंवा टोरांटोत कॉलेजला असेल. दुसरी अडचण पुतळे, पुस्तकं, टी-शर्ट अशा वस्तूंची. आपला पत्ता पीओ बॉक्सचा, तोही बहुधा कंपनीचा, आणि नोकरी बदलली की तो गेला. त्यात पार्सलची किंमत ३०० दिरहमच्या वर असेल तर २०२३ पासून ५ टक्के सीमाशुल्क आणि ५ टक्के व्हॅट, शिवाय कुरिअरचा आकार. म्हणून डिजिटल प्रतच निवडा. वस्तू हवीच असेल तर पाठवणीआधी निर्माते पत्त्याची खातरजमा करणारी ईमेल पाठवतात, ती ज्या खात्यावर येईल ते ऑफिसचं नसावं.